चौदा नंबरची कुंडी

शेवटचं वाक्य येईपर्यंत तिला काहीच झालं नव्हतं. पत्र नेहमीच्या पत्रांसारखंच होतं. दूरच्या एका विद्यापीठातली कुणी मुलगी ठिपकेवाल्या पानांच्या त्या रानफुलावर काम करत होती. तिने त्याच टेकडीच्या त्याच उतारावरून अकरा कंद आणले, कुंड्यांत वाढवले, अकरांच्याही मुळांतली गुणसूत्रं मोजली आणि दर वेळी ती सोळाच भरली. मॅडमच्या शोधनिबंधात मात्र अठरा आहेत. तेव्हा मॅडमनी ती जुनी स्लाइड जपून ठेवली असेल तर एकदा बघायला मिळेल का, असं तिने फार अदबीने विचारलं होतं. आणि मग सही करण्याआधी, कागदावर जागा उरली म्हणून लिहावं तसं एकच वाक्य: 'कदाचित माझंच मोजणं चुकत असेल.'

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीखाली माळ्याचा पाण्याचा पाइप सुरू होता. घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली होती आणि तिचा उजवा हात आपोआप खणातल्या ब्लेडकडे गेला होता. तेहतीस वर्षांची खोड. मुळाच्या टोकातल्या पेशी सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त विभागतात, एकीच्या दोन होतात; टोक कापायचं ते तेव्हाच. त्यामुळे दहा वाजून दहा मिनिटांनी ती कुठेही असली, दवाखान्याच्या रांगेत किंवा कुणाकडे पाहुणी म्हणून, तरी तिच्या बोटांना काहीतरी कापायचं राहून गेलंय असं वाटे. तरुणपणी प्रयोगशाळेत तिला 'घड्याळ' म्हणत ते यावरूनच. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आता ती मॅडम होती, आणि तीही आणखी तीन आठवडे.

तीन आठवड्यांनी ही खोली रिकामी करून द्यायची होती. विभागप्रमुख, जो एके काळी तिच्याच तासाला मागच्या बाकावर झोपा काढत असे, परवा दारातूनच म्हणाला होता, "मॅडम, त्या काचांच्या पेट्यांचं काय करायचं? नाहीतर घरी घेऊन जा ना, आठवण म्हणून." त्रेचाळीस पेट्या. एकेका पेटीत शंभर खाचा, एकेका खाचेत एक काच, एकेका काचेवर तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढ्या मुळाचं चिरडलेलं टोक. इतकं चिरडलेलं आठवण म्हणून कोण घरी नेतं? ती हसून "बघू" म्हणाली होती. अलीकडे ती बऱ्याच गोष्टींना बघू म्हणत असे. तिचा थकवा झोपल्यावर जाणाऱ्यातला नव्हता. तो जुन्या भाडेकरूसारखा होता. त्याचं सामान कुठे कुठे पसरलंय हे तिला पाठ झालं होतं, आणि त्याला उठवायचा विचार तिने कधीच सोडून दिला होता.

माझंच मोजणं चुकत असेल. हे वाक्य तिने याच खोलीत ऐकलं होतं, त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी. बोलणारी कोपरापर्यंत मातीने भरलेले हात धूत होती आणि तिची पाठ इकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नव्हता. चेहरा दिसला असता तर, असं तिने पुढे कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिलं होतं. पण बेसिनवर आरसा होता. तिने बघितलं नव्हतं, एवढंच.

बोलणाऱ्या मुलीला सगळे भुंगा म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की ती नकळत गुणगुणू लागे. गाणं असं नव्हे, एकच लांब सूर, मोजून होईपर्यंत चालणारा. सर आपल्या खोलीतून ओरडत, "कुणीतरी खिडकी उघडून त्या भुंग्याला बाहेर सोडा रे!" आणि सूर दोन मिनिटं थांबे आणि परत सुरू होई. दोघी एकाच वर्षी सरांकडे संशोधनाला आल्या, एकाच टेबलावर समोरासमोर बसल्या, एकाच डब्यातलं खाल्लं. त्याच भुंगाला ती आता एकोणतीस वर्षं वहिनी म्हणत होती. तिच्या धाकट्या भावाची बायको. प्रयोगशाळा सोडल्यावर दोन वर्षांनी झालेलं लग्न, ते तिच्याच ओळखीतून जमलेलं. ती गुणगुणताना मात्र एकोणतीस वर्षांत एकदाही ऐकू आली नव्हती. घरात काम करताना बायका काहीबाही गुणगुणतात; वहिनी भाजी निवडायची ती अगदी गप्प राहून.

गेल्या रविवारी ती भावाकडे जेवायला गेली होती. पुतणी आणि तिचा नवरा आले होते, त्यांची दोन लहान मुलं होती. वहिनीने टेबलावर ताटं मांडली. भाऊ वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला, "किती मांडलीस गं?"

"सात."

"ताई, तू जरा नजर टाक बरं. हिच्या सातात कधी पाच असतात, कधी नऊ."

"आई, परत मोज!" पुतणी ओरडली, आणि तिच्या मागोमाग त्या दोन पोरांनीही, कशाचं काय हे माहीत नसताना, टेबलावर चमचे आपटत "परत मोज, परत मोज" असा घोष लावला. त्या घरात ते दोन शब्द जिना उतरताना, प्रवासाला निघताना, दूधवाल्याच्या बाटल्या घेताना म्हटले जात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भावाने कुठूनतरी ऐकलं होतं की हिला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, तुला मोजता येत नाही. माणूस मनाचा वाईट नव्हता. त्याला विनोद सापडला होता, आणि सापडलेली वस्तू तो टाकत नसे. वहिनी हसून म्हणाली, "मोजते बाबा, परत मोजते," आणि प्रत्येक ताटाच्या कडेला बोट लावत तिने मोजलं. सात. सगळे हसले. नणंदही हसली होती. बोट लावायची ती पद्धत तिच्या नजरेतून सुटली नव्हती. मोजलेल्या वस्तूला खूण करून मगच पुढे जायचं, ही प्रयोगशाळेतली शिस्त होती.

त्या रानफुलांचा गट सरांच्या आयुष्याला पुरून उरला होता. खडकाळ उतारावर पावसाळ्यानंतर तीन आठवडे उगवणारी, टाचेएवढी उंच, पांढरट निळी फुलं. तिघीचौघी बहिणींनी एकमेकींचे कपडे घालावेत तशी. एकीच्या पानावर ठिपके, एकीच्या पाकळीला जांभळी कड, एकीचा दांडा जरा उंच. जुन्या लोकांनी सगळ्यांना एकाच नावाखाली कोंबलं होतं. सरांचं म्हणणं, ठिपकेवाली वेगळी आहे, तिला वेगळं घर द्या. पण ठिपके काय, उन्हातही पडतात. कुणी ऐकत नव्हतं. "रूपावरून भांडू नका," सर म्हणत, "आत जा. आत जी संख्या आहे ती उन्हाने बदलत नाही." गटातल्या बहुतेक झाडांच्या पेशीत सोळा गुणसूत्रं होती. एका उंच दांड्याच्या जातीत तेवढी अठरा. ती जात वेगळी आहे याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ठिपकेवालीत सोळा निघाली तर सर हरले, सोळापेक्षा वेगळं काही निघालं तर पंचवीस वर्षांचं भांडण एका आकड्याने मिटणार. त्यांनी दोघींनाही त्याच झाडाची, चौदा नंबरच्या कुंडीची, वेगवेगळी मोजणी करायला सांगितलं. एकीने दुसरीला सांगायचं नाही. वेगवेगळं मोजून एकच आकडा आला, तरच तो खरा.

मुळाचं टोक कापण्याचा सरांचा नियम सोपा आणि घाणेरडा होता. कुंडी उपडी करायची, मातीचा गोळा हातावर घ्यायचा, पाण्यात माती सोडवायची, मुळाचा माग थेट कंदापर्यंत काढायचा, मग कापायचं. कारण हरितगृहात कुंड्या ओल्या वाळूच्या पाटावर शेजारी शेजारी ठेवलेल्या असत, आणि मुळांना कुंडीची हद्द कळत नाही. तळाच्या भोकातून बाहेर पडून ती वाळूतून शेजारणीकडे जातात, तिच्या भोकात शिरतात. पण माती सोडवताना नेमकी कोवळी टोकं तुटतात, आणि जी उरतात ती भेदरलेली असतात; त्यांच्यात पेशी विभागायच्या थांबतात. भुंगा हे सगळं नेमाने करायची. कोपरापर्यंत चिखल, नखांत माती, आणि तासाभराच्या खटाटोपानंतर हाती लागलेली दोन मरतुकडी टोकं. तिच्या स्लाइड कुरूप होत. पेशी एकमेकींवर चढलेल्या, गुणसूत्रं शिंप्याच्या टेबलाखालच्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी गुंतलेली. घड्याळच्या स्लाइड मात्र बघायला इतर विभागांतून लोक येत. तिच्या अंगठ्याचा दाब प्रसिद्ध होता. टोक रंगात बुडवून, स्पिरिटच्या दिव्यावरून तीनदा फिरवून, वर पातळ काच ठेवून ती अंगठा असा टेकवायची की पेशी उमलल्यासारखी पसरे आणि प्रत्येक गुणसूत्र आपापल्या जागी सुटं, नीटनेटकं पडे. सर म्हणत, "हा अंगठा विमा उतरवण्यासारखा आहे."

त्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी तिने चौदा नंबरची कुंडी उचलली होती. उपडी करण्यासाठीच उचलली होती, हे ती आजही शपथेवर सांगू शकली असती. कुंडीच्या तळाला, भोकाच्या कडेला, पाचसहा मुळं वाळूतून अलगद सुटून लोंबत होती. पांढरीशुभ्र, टपोऱ्या टोकांची, न दुखावलेली. अशी टोकं वर्षातून एकदा मिळतात. ती किती वेळ कुंडी हातात धरून उभी होती? पाच सेकंद, दहा सेकंद. पलीकडे पंधरा नंबरची कुंडी होती, उंच दांड्याची. तिला ते दिसत होतं की नव्हतं? एवढं आठवतं की हात ओले होते, वाळूचा गार वास येत होता, आणि कुंडी एका हाताने पेलण्याइतकी हलकी होती. तिने ब्लेडने टोकं कापली आणि कुंडी परत जागेवर ठेवली. आकडा अठरा आला. त्या आठवड्यात तिने अशी दोनदा कापली, आणि दोन्ही वेळा अठरा.

भुंगाचा आकडा सोळा आला. सरांनी दोघींना समोर उभं केलं, आधी एक स्लाइड पाहिली, मग दुसरी, आणि दुसरीवर ते बराच वेळ राहिले. सुंदर वस्तूवर विश्वास ठेवायला माणसाला फार कारणं लागत नाहीत. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या या गुंत्यात सोळा आहेत की सव्वीस, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तुला मोजता येत नाही." रागावून नाही, हवा आज दमट आहे म्हणावं, तसं. मग सर गेले, आणि भुंगा बेसिनपाशी जाऊन, हात आधीच स्वच्छ असताना पुन्हा धुऊ लागली... नाही, हात मातीने भरलेले होते. ती तेवढ्यात परत जाऊन चौदा नंबर पुन्हा उपडी करून आली होती. आणि बेसिनपाशी उभी राहून म्हणाली, "कदाचित माझंच मोजणं चुकत असेल." आणि मग, पाठ तशीच ठेवून, "तू कुंडी उपडी केली होतीस ना गं?"

"हो," ती म्हणाली होती.

एकच अक्षर. त्याला कुणी साक्षीदार नव्हता, ते कुठल्या वहीत नव्हतं. सर वारले तेव्हा, तिला पुरस्कार मिळाला तेव्हा, ठिपकेवालीला तिने सरांचं नाव दिलं आणि ते नाव पुस्तकांमधून पुस्तकांमध्ये उतरत गेलं तेव्हा, तिने ते अक्षर कधी आठवलं नाही असं नाही. दातात अडकलेल्या धाग्यासारखं ते होतं. जीभ तिकडे जायची आणि परत यायची. भुंगाने सहा महिन्यांनी काम सोडलं. शाळेत नोकरी धरली. तेव्हा ती तिला समजवायला गेली होती, हे विशेष. "एका आकड्यावरून कुणी सोडतं का?" असं म्हणाली होती. भुंगा म्हणाली, "आकड्यावरून नाही गं. ज्याला मोजता येत नाही त्याने मोजायच्या धंद्यात कशाला राहायचं?"

ती उठली. गुडघ्याने नेहमीचा आवाज केला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तिने निबंधाची फाइल काढली. वरच्या कागदावर छापलेलं चित्र होतं: अठरा गुणसूत्रं, काळ्या शाईत, जोडीजोडीने. त्याच्याखाली मूळ पेन्सिलचित्र. सूक्ष्मदर्शकावर आरसा बसवून ती चित्रं काढत. एकाच डोळ्याला पेशीही दिसे आणि कागदावरचं पेन्सिलीचं टोकही, त्यामुळे जे आहे तेच गिरवलं जाई, मनातलं त्यात मिसळायला वाव नसे. पेन्सिलचित्रात तिसऱ्या जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांच्या टोकाला एकेक बारीक गाठ होती, दोऱ्याने लटकवलेल्या मण्यासारखी. शाईच्या चित्रात ती नव्हती. रंगाचा कण समजून तिने गाळली होती. दोन्ही गुणसूत्रांवर, नेमक्या त्याच जागी, एकेक कण. ती खुर्चीवर बसली, आणि मग सात नंबरच्या पेटीतून पंधरा नंबरच्या कुंडीची स्लाइड काढून तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. हे तिने एकतीस वर्षांत केलं नव्हतं. तिच्यासारख्या काटेकोर बाईने. तिसरी जोडी. टोकाला मणी. शेजारणीची मुळं.

नवल वाटलं नाही. खूप दिवस आजारी असलेल्या माणसाच्या घरून फोन यावा, तसं झालं. माळ्याने पाइप बंद केला होता, बेसिनचा नळ तेवढा गळत होता. उत्तर लिहिणं अवघड नव्हतं. 'स्लाइड सापडत नाही' असं लिहिलं असतं तरी भागलं असतं. ती तीन आठवड्यांत निवृत्त होणार, खोली रिकामी होणार, त्या मुलीने अकरा झाडांच्या जोरावर सरांची जात मोडीत काढली असती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं असतं, की यापूर्वीची अठराची नोंद बहुधा चुकीची. बहुधा. त्या एका शब्दाच्या सावलीत ती आरामात म्हातारी झाली असती. जात मोडली जाण्याचं तिला फारसं दुःखही झालं नाही. टेकडीवरच्या झाडांना काय, त्यांना ना आधीचं नाव ठाऊक होतं ना आताचं. ती आपली तीन आठवडे उगवतात. पण जिने काही चूक केली नव्हती अशी दुसरी एक मुलगी कुठेतरी बसून स्वतःच्या मोजण्याकडे संशयाने बघत होती. तिने कागद ओढला आणि लिहिलं, 'तुमचं मोजणं चुकलेलं नाही. चूक माझी आहे, आणि ती मोजण्यातली नाही. मी कुंडी उपडी न करता टोकं कापली. दोन्ही स्लाइड आणि मूळ पेन्सिलचित्र पाठवते. हे तुम्ही छापावं.' तिने पाकीट बंद केलं. अनोळखी माणसाला खरं सांगायला फारसं काही लागत नाही.

मग तिने शेवटच्या पेट्या उघडायला सुरुवात केली. जेवायची सुट्टी होऊन गेली. एकेचाळीस नंबरच्या पेटीत, कोपऱ्यातल्या खाचांत, सहा स्लाइड होत्या. सरांनी टाकून द्यायला सांगितलेल्या. कुणी टाकल्या नाहीत आणि इथे कुणी ठेवल्या, हे तिने आठवायचं टाळलं. लेबलावर गोल, मुलीसारखं अक्षर: 'कुंडी १४. दुसरी खेप. बरी पेशी डाव्या कोपऱ्यात.' बरी पेशी. यापेक्षा जास्त कौतुक भुंगाने स्वतःचं कधी केलं नव्हतं.

फोन भावाने उचलला. "ताई! निवृत्तीचं भाषण लिहून झालं का? आम्हाला पुढच्या रांगेत बसव हं."

"वहिनीला दे."

"कशाला? काही मोजायचं असेल तर मला सांग." आणि तो स्वतःच खदखदून हसला.

"दे रे तिला," ती म्हणाली. आवाज बदलला असावा, कारण तो हसायचा थांबला.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सुती साडी, खांद्याला शाळेच्या दिवसांतली पिशवी, एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. दारातच थांबली. एकतीस वर्षांत तिने या इमारतीची पायरी चढली नव्हती. विभागाच्या समारंभाला बोलावलं की दर वेळी शाळेत काहीतरी निघायचं.

"बेसिन तेच?"

"तेच."

"अजून गळतं?"

"गळतं."

"बरंय. काहीतरी टिकलं म्हणायचं," वहिनी म्हणाली आणि पदर खोचू लागली. "सांगा ताई, काय आवरायचंय? पेट्या बांधायच्या असतील तर सुतळी आणलीय मी."

"आवरायचं काही नाही. बस जरा."

वहिनी बसली. बसली ती सवयीने टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, आपल्या जुन्या जागी, आणि तिच्या लक्षातही आलं नाही. समोरासमोर. इकडे हिने रात्रभर वाक्यं जुळवली होती. परिस्थितीबद्दलची, वयाबद्दलची, सरांबद्दलची. त्यातलं एकही जवळ आलं नाही. ती म्हणाली, "मी चौदा नंबरची कुंडी उपडी केली नव्हती."

हे वाक्य रस्त्यावरच्या कुणालाही ऐकवलं असतं तरी त्याचा त्याला काही अर्थ लागला नसता. भावालाही नाही. जगात एकाच माणसाला ते कळण्यासारखं होतं, आणि ते माणूस आता टेबलावर हात ठेवून, मान किंचित तिरकी करून बसलं होतं. नळाचे चारपाच थेंब पडले.

"खालून कापलीस?"

"हो."

"पंधराची होती मुळं?"

"हो. काल बघितलं. त्यांना मणी आहे."

"मी विचारलं होतं तुला." वहिनी इतक्या वर्षांनी अहोजाहो विसरली होती. "तिथे उभं राहून विचारलं होतं."

"हो."

वहिनीने काळा चष्मा कपाळावरून काढला, घडी घातली, उघडला, परत घडी घातली. ती रडेल किंवा ओरडेल असं वाटत होतं, आणि त्यातलं काहीही झालं असतं तरी सोपं गेलं असतं. पण ती बोलायला लागली ती कुणा तिसऱ्याबद्दल सांगावं तशी. "शाळेच्या सहली असायच्या ना, पाचवी-सहावीच्या. बाकीच्या बायका पोरं एकदा मोजायच्या, गाडीत बसवायच्या. मी चारचारदा मोजायची. पोरं कंटाळायची, ड्रायव्हर शिव्या द्यायचा. एकदा बेचाळीस भरली, दर वेळी बेचाळीसच, तरी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, तुम्ही मोजा. ते म्हणाले, बाई, तुम्ही विज्ञान शिकवता ना? ... मुलगी लहान होती तेव्हा औषधाचे थेंब. सहा थेंब सांगितलेले. मी मोजायची आणि ओतून टाकायची, परत मोजायची. बाटली चार दिवसांत संपायची. हे हसायचे." ती थांबली. "मला मोजता येत नाही हे मला पटलं होतं गं. नुसतं ऐकून घेतलं नव्हतं मी. पटलं होतं."

माफ कर म्हणणं म्हणजे वहिनीकडूनच आणखी काहीतरी मागणं. तिने सूक्ष्मदर्शक टेबलाच्या मधोमध सरकवला, दिवा लावला. काचेवरचा रंग विटून फिकट तपकिरी झाला होता, कडेचा डिंक पिवळा पडला होता. तिने स्वतः डाव्या कोपऱ्यातली पेशी शोधून ठेवली होती. "बघ," ती म्हणाली. "तुझी आहे. दुसरी खेप."

वहिनीने लेबलावरचं अक्षर पाहिलं. बोटाने काचेची कड चाचपली. मग वाकून नळीला डोळा लावला, आधी एक, मग दुसरा. चाकावर तिची बोटं बरोबर पडली. ती विसरली नव्हती. तिने चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं. समोर बसलेली ती वहिनीच्या ओठांकडे बघत राहिली, सूर निघतोय का म्हणून. निघाला नाही.

"धुकं दिसतं नुसतं," वहिनी सरळ होत म्हणाली. "एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मला नाही आता दिसायचं." आणि मग, खुर्ची मागे न सरकवता, "तू मोज. मोठ्याने."

तिने डोळा लावला. पेशी खरंच कुरूप होती. गुणसूत्रं एकमेकांच्या अंगावर पडली होती, दोन तर अशी की त्यांचा फुलीसारखा आकार झाला होता, आणि ती फुली एकच समजायची की दोन यावर सगळं अवलंबून होतं. हा अंगठा घाईत टेकलेला, चिखलाने गार पडलेला. पण शांतपणे, कडेकडेने जात राहिलं तर एकेक सुटत होतं. ती मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तीन. आपला आवाज तिला शाळेतल्या मुलीसारखा वाटला. सहाव्याला तिने श्वास घेतला. फुलीपाशी आली तेव्हा चाक केसाएवढं फिरवलं; एक वर होतं, एक खाली. अकरा, बारा. पंधरावं एका कडेला एकटंच पडलं होतं, आणि सोळावं त्याच्यापासून जरा दूर, अर्धवट वळलेलं. त्यानंतर रिकामी फिकट जागा. तिने सगळी कड फिरून पाहिली.

"सोळा," ती म्हणाली.

नळाचा एक थेंब पडला. मग दुसरा. वहिनीने चष्मा डोळ्यांवर चढवला होता, त्यामुळे ती कुठे बघतेय ते समजत नव्हतं. टेबलाच्या कडेवर तिचं बोट टेकलेलं होतं, मोजलेल्या वस्तूवर टेकावं तसं.

"परत मोज," ती म्हणाली.

तिने डोळा पुन्हा नळीला लावला.

"एक," ती म्हणाली.